सुतक फिटेपर्यंत

ऋतुराजचा देह दुपारी घरी आला, तेव्हा त्याचं हृदय मिरजेत धडधडत होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हरिपूरच्या त्या अंगणात जमलेल्या कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. शेजारची एक बाई दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, "पेटीत ठेवलंय म्हणे," आणि दुसरीनं नुसती मान हलवली. पेटी एव्हाना सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

सर्जेराव जगदाळे भिंतीला टेकून बसले होते. ऋतुराज त्यांचा चोवीस वर्षांचा एकुलता एक मुलगा. सांगलीच्या रस्त्यावर गाडी घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. पोटालाही मार बसला होता, त्यामुळे बाकीचे अवयव कामाचे राहिले नव्हते. हृदयाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

सकाळी इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "मेंदू मेला आहे. तो परत जागा होणार नाही."

"पण छातीत धडधड आहे की," सर्जेराव म्हणाले.

"हृदयाला ठोके द्यायला मेंदू लागत नाही. त्याची ठिणगी त्याच्या आतच असते. यंत्र श्वास देतंय तोवर ते चालेल. पण ऋतुराज गेला आहे."

मग समुपदेशक मेघना कुरणे आली. असल्या वेळी घरच्यांशी बोलणं हेच तिचं काम. ऋतुराजनं कॉलेजात असतानाच अवयवदानाची नोंद केली होती, हे तिनं सांगितलं. त्याच्या आईला, वैजयंताबाईंना, ते माहीत होतं. एकदा जेवताना तो म्हणाला होता, "आई, मला काही झालं तर सगळं देऊन टाक. जाळून कुणाला काय मिळणार?" त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. आज त्यांनी डोळे पुसले आणि मेघनाला सांगितलं, "द्या. तो सांगून गेलाय."

सर्जेरावांचे थोरले भाऊ आनंदराव दाराशी उभे होते. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं. ते पुढं झाले. "वैजयंता, सुतक लागलंय. सुतकात घरातलं काही बाहेर देत नाहीत. आणि हे तर दान. तेरावा होऊ दे, मग बघू."

सर्जेरावांनी मेघनाला विचारलं, "पेटीत खराब होतं का?"

"लगेच नाही, काका. पण फार दिवस..."

त्यांनी पहिले दोनच शब्द ऐकले.

ही पेटी म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. शरीरातून काढलेलं हृदय पूर्वी बर्फात ठेवत. थंडीत पेशींची भूक मंदावते, पण मिटत नाही. काही तासांतच त्या उपासमारीनं मरू लागत. म्हणून तर त्या काळी रस्ते मोकळे करून गाड्या पळवाव्या लागत, आणि घरच्यांचं रडू थांबायच्या आत त्यांना हो की नाही ते विचारावं लागे. पेटीनं ती भूकच भागवली. तिच्यात कोमट कृत्रिम रक्त फिरतं. ते प्राणवायू आणि साखर पुरवतं, आणि एक गाळणी त्यातली घाण काढून टाकते. पेटीचं दुसरं काम याहून नवलाचं. प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याच्या ओळखीच्या खुणा असतात. परक्या खुणा दिसल्या की आपल्या शरीरातले पहारेकरी तुटून पडतात, आणि बसवलेलं हृदय वाया जातं. पेटीतलं औषध आठवड्याभरात या खुणा पुसून टाकतं. मग ते हृदय कुणाचंही होऊ शकतं.

म्हणजे घड्याळाची अडचण गेली, रक्तगटाचीही गेली. उरली ती माणसाची. सरकारनं दयाळूपणानं एक नियम केला. हृदय काढून पेटीत ठेवायला मेलेल्याची नोंद पुरेशी, पण पेटीतून ते दुसऱ्याला द्यायचं तर घरच्यांची संमती हवी, आईबाप असतील तर दोघांचीही. ती द्यायला तेराव्यापर्यंत मुदत, आणि मागितली तर आणखी आठवडाभर वाढ. दुःखात माणसाला घाई करू नये, हा त्यामागचा विचार. पेट्या आल्यावर अवयव दुपटीनं मिळतील असं सगळे धरून चालले होते. झालं उलटं. पूर्वी पुष्कळ घरं रडत रडत का होईना, हो म्हणायची. आता विचार करायला वेळ मिळाला, आणि त्या वेळात काका आले, मामा आले, सुतक आलं, आणि पेटीच्या काचेतून दिसणारा ठोका आला.

देहाचं दहन त्याच संध्याकाळी कृष्णाकाठी झालं. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर सर्जेराव मिरजेला गेले.

पेट्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आत पाच पेट्या, प्रत्येकीला काचेचं झाकण. सर्जेरावांनी झाकणावर तळहात ठेवला. आत मुठीएवढा लालसर गोळा होता. तो आवळत होता, सुटत होता. ऋतुराज तान्हा असताना छातीवर झोपायचा, तेव्हा असाच ठोका त्यांच्या बरगड्यांना लागायचा. काच कोमट होती. ते तासभर उभे राहिले.

मग ते रोज जाऊ लागले.

"कुठं निघालात?" वैजयंताबाईंनी एकदा विचारलं.

"त्याच्याकडं."

"तो तिथं नाही."

"अगं, धडधडतंय. एकदा येऊन बघ तरी."

"आपल्या विहिरीवरचा पंपही धडधडतो. त्याच्यापाशी जाऊन बसता का?" त्या भाकरी थापत राहिल्या. "माझ्या पोरानं एक गोष्ट सांगितली होती. एवढा मोठा झाल्यावर पहिल्यांदाच काहीतरी मागितलं त्यानं, आणि ते तुम्ही अडवून बसलात."

"मी कुठं अडवतोय? सुतक फिटेपर्यंत थांबायचं, एवढंच."

ओसरीवर दादा फोनवर बोलत होते. निजामाबादच्या व्यापाऱ्याशी हळदीच्या पन्नास पोत्यांचं ठरत होतं. फोन झाल्यावर वैजयंताबाई आतूनच म्हणाल्या, "दादा, पोती बाहेर द्यायला सुतक नाही वाटतं?"

दादांनी ऐकलं, पण चप्पल घालून ते अंगणात उतरले.

पेट्यांच्या खोलीबाहेर एक बाक होता. त्यावर पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी येऊन बसायची. ओठ निळसर, पाय सुजलेले, कमरेला एक छोटा पंप. तिचं नाव ओवी. जत तालुक्यातली. दहावीत होती, पण वर्ष इस्पितळातच चाललं होतं. बोलायला माणूस मिळालं की ती सोडत नसे.

"तुम्ही रोज येता, काका. कुणाला ठेवलंय आत?"

"मुलाला," सर्जेराव म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे, मुलाचं हृदय."

"माझं जुन्या फुग्यासारखं झालंय. फुगतं, पण पुरतं आकसत नाही. रक्त पुढं ढकलायला आकसावं लागतं ना, म्हणून हा पंप. आता तोही पुरा पडत नाही." विज्ञानाच्या पेपरातलं उत्तर सांगावं तसं तिनं हे सांगितलं. "तुम्ही काय करता?"

"हळदीचा धंदा. हरिपुरात आमची पेवं आहेत."

"पेव म्हणजे?"

कितीतरी दिवसांनी सर्जेरावांच्या आवाजात थोडा जीव आला. "जमिनीत खोल खड्डा असतो. तोंड अरुंद, आत ऐसपैस. कडेनं उसाचा पाला आणि चटया लावायच्या, आत हळद भरायची आणि वर माती ओढून तोंड बंद करायचं. आत हवाच राहत नाही, मग कीड कुठून लागणार? पाच वर्षांनी काढली तरी ठेवली तशी निघते."

"आणि काढायला माणूस आत कसा उतरतो? हवा नाही तर मरेल की."

"हुशार आहेस. तोंड उघडून ठेवायचं. मग दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला नाही, तरच माणूस उतरवायचा."

"हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल?" ओवी विचारात पडली. "म्हणजे, कंदील सोडायचं सुचायच्या आधी कुणीतरी नुसतंच उतरलं असेल ना?"

सर्जेरावांनी आयुष्यभर पेवं सांभाळली होती. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"काढता कधी पण?"

"भाव आला की."

"तोवर?"

"तोवर थांबायचं. आमच्या धंद्यात थांबणाऱ्याचं नुकसान होत नाही, पोरी."

"आमच्यात होतं," ओवी म्हणाली आणि हसली. हसताना तिला धाप लागली. तिची आई शैलजा लगबगीनं आली आणि तिला आत घेऊन गेली. जाताना सर्जेरावांना म्हणाली, "फार बडबड करते हो. त्रास देत असेल तर सांगा."

"नाही हो. बसू दे."

त्यानंतर पेटीपाशी तासभर आणि बाकावर अर्धा तास, असा त्यांचा नेम झाला. ओवीनं त्यांना ओळखीच्या खुणा पुसण्याचं सगळं समजावून सांगितलं, त्यांनी तिला हळकुंड मोडून पक्की हळद कशी ओळखायची ते दाखवलं. एके दिवशी ती बोलता बोलता म्हणाली, "मला एक मिळणार आहे. खुणा पुसून झाल्यात, तयार आहे. सिस्टर बाहेर बोलत होत्या, मी झोपेचं सोंग घेऊन ऐकलं."

"मग?"

"त्यांच्या घरात सुतक आहे."

सर्जेराव हातातलं हळकुंड फिरवत राहिले.

"मला वाटायचं, सुतक पाच दिवस असतं," ओवी म्हणाली. "आई म्हणाली, तेरा. चालेल. तेरा दिवस काढीन मी."

घरी येताना त्यांनी स्वतःला समजावलं. पेट्या पाच आहेत. सुतक काही एकाच घरात नसतं. मेघनाला विचारलं तर ती सांगणार नाही, नियमच आहे तसा. पण ती सांगणार नाही म्हणून ते गप्प बसले नव्हते. विचारलं असतं तर तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

तेरावा झाला. पंगत उठली, सासरवाडीच्या लोकांनी दुखवट्याची टोपी दिली, दादांनी ती स्वतःच्या हातानं सर्जेरावांच्या डोक्यावर ठेवली. "आता जा बाबा," ते म्हणाले. "सुतक फिटलं. देऊन टाक आणि पोराला मोकळं कर."

म्हणजे आता अडवणारं कुणी नव्हतं.

सर्जेराव मिरजेला गेले. मेघना संमतीच्या अर्जाचा टॅब हातात घेऊन पेटीपाशीच उभी होती. त्यावर अंगठा टेकवला की संमती झाली, एवढंच काम. त्यांनी काचेवर हात ठेवला. ठोका पडला, पुन्हा पडला. आत हा जो आवळत-सुटत होता, तो या जगात ऋतुराजचा उरलेला शेवटचा हलता तुकडा होता. अंगठा टेकवला की उद्या तो दुसऱ्याच्या छातीत असणार, आणि त्या छातीचा पत्ता कुणी सांगणार नव्हतं.

"वाढ मागता येते ना?" त्यांनी विचारलं.

मेघनानं श्वास सोडला. "येते. पण काका, खरं सांगते, मागू नका. जातं रिकामं फिरवलं तर दगडच झिजतो. हे तसंच आहे. पेटीत हृदय चालतं, पण त्याला अंगभर रक्त ढकलायचं काम नसतं. कामावाचून त्याचे स्नायू दिवसेंदिवस बारीक होतात. आणि इथं कुणीतरी वाट बघतंय."

"आमच्या पेवात पाच वर्षं..."

"हळद झोपलेली असते, काका. हे जागं आहे."

हे त्यांना कळलं नाही असं नाही. कळलं, आणि तरी त्यांनी वाढीच्या चौकटीवर अंगठा ठेवला.

बाहेर बाकावर ओवी नव्हती. तिला आता उठवत नव्हतं. वॉर्डाच्या दारातून तिनं हात केला, म्हणून ते आत गेले. तिनं त्यांच्या डोक्याकडं पाहिलं.

"नवी टोपी?"

"हो."

"आमच्या आजोबांनाही दिली होती, आजी गेल्यावर. तेराव्याला." तिनं पुन्हा टोपीकडं पाहिलं. "म्हणजे तुमचं सुतक फिटलं."

"फिटलं."

ओवी त्यांच्याकडं पाहत राहिली. हुशार मुलगी होती. आणखी एक प्रश्न तिच्या ओठांवर आलेला त्यांना दिसला. पण तिनं तो विचारला नाही. "टोपी छान दिसते," असं म्हणून तिनं डोळे मिटले.

त्यानंतर सर्जेराव इस्पितळात मागच्या जिन्यानं जाऊ लागले. त्या बाजूनं वॉर्ड लागत नसे. ते पेटीपाशी उभे राहत, पण आता काचेवर हात ठेवला की ऋतुराज आठवायच्या आधी ते मिटलेले डोळे आठवत. ठोकाही पहिल्यासारखा भरीव राहिला नव्हता. की तो त्यांना तसा भासत होता, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

चौथ्या का पाचव्या दिवशी मागचा जिना धुवायला काढला होता. त्यांना पुढून जावं लागलं. वॉर्डातली ती खाट रिकामी होती. गादी उभी करून ठेवली होती. शैलजा खाली बसून पोरीचे कपडे पिशवीत भरत होती. एक एक कपडा झटकून, घडी घालून.

सर्जेराव दारातच थांबले. तिनं वर पाहिलं.

"काल सकाळी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते कधीच संपलं असावं. "तुम्ही तिला पेवाचं सांगितलं होतंत. तेच घेऊन बसली होती. 'आई, पहिला माणूस कंदिलाशिवाय उतरला असेल, त्याचं नाव कुणाला माहीत असेल का गं?' मी म्हटलं, काकांना विचार. तुम्ही दिसला नाहीत."

"कामात होतो."

"असू द्या." तिनं पिशवीचा बंद ओढला. "तुमच्या मुलाचं कुणाला दिलं का?"

"अजून नाही."

"देऊन टाका हो लवकर," शैलजा म्हणाली. "कुणाची तरी पोर असेल."

तिला माहीत होतं की नव्हतं, ते त्यांना कधीच कळलं नाही. ते मेघनाच्या खोलीत जवळजवळ धावत गेले. "टॅब आणा. आत्ता अंगठा घ्या."

मेघना खुर्चीतून उठली नाही. रोज त्यांच्यामागं "लवकर ठरवा, काका" म्हणून लागणारी ती मुलगी आज अगदी सावकाश बोलली.

"आता घाई नाही, काका."

सर्जेराव खाली बसले. आणखी काही विचारायची गरजच उरली नव्हती.

"दुसऱ्या कुणाला तरी?" त्यांनी विचारलं. "कुणालाही द्या. नाव सांगू नका."

तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पेटीला भार जोडून पाहिला, म्हणजे हृदयाला खरोखरीच्या शरीराएवढं रक्त ढकलायला लावलं. ते थोडा वेळ झुंजलं आणि थकलं. भिंत पातळ झाली होती. डॉक्टरांनी मान हलवली. तेराव्याच्या दिवशी हेच हृदय पन्नास वर्षं चाललं असतं, हे ते बोलले नाहीत, पण त्यांच्या गप्प राहण्यात ते होतं.

वापरता न येणारा अवयव घरच्यांना परत द्यायचा, असा नियम होता. पेटी बंद करायची कळही घरच्यांनीच दाबायची. सर्जेरावांनी ती दाबली. स्टीलचा एक छोटा डबा, वर पांढरं कापड बांधलेलं, एवढं घेऊन ते हरिपूरला आले.

पुन्हा कृष्णाकाठ. या वेळी चार माणसं आणि चार लाकडं. वैजयंताबाई घाटाच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या, खाली उतरल्या नाहीत. आग लागल्यावर दादा सर्जेरावांच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "सर्जा, आता परत सुतक धरायचं का रे?"

भटजी दुसरीकडं बघत होते.

त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी सर्जेराव मिरजेला जाऊन आले आणि स्वतःची नोंद करून आले. खिडकीतल्या माणसाला त्यांनी विचारलं होतं, "घरच्यांना विचारायचं नाही, असं लिहिता येतं का? मी गेलो की लगेच देऊन टाकायचं."

"तशी सोय नाही," तो म्हणाला. "शेवटी घरचेच ठरवतात. त्यांना आत्ताच सांगून ठेवा."

म्हणून रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. दादाही ताटावर होते. सर्जेरावांनी घास हातातच धरला आणि म्हणाले, "मी नोंद केली आहे. माझं काही झालं तर जे कामाचं असेल ते द्यायचं. दादा, तुमच्या तोंडून हो ऐकायचंय मला."

"जेवताना असलं अभद्र बोलू नकोस," दादा म्हणाले आणि आमटीची वाटी जवळ ओढली. "वेळ येईल तेव्हा बघू."

सर्जेरावांनी बायकोकडं पाहिलं. वैजयंताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगल्यावर खाली उतरवली.

"मी देईन," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी."

"थांबणार नाहीस ना?"

त्यांनी भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

"तुम्ही थांबलात, तेवढं पुरे झालं."